साडूचा दहा वॅटचा अ‍ॅम्प

माझ्या साडूकडे गिटारचा आवाज मोठा करणारा दहा वॅटचा एक छोटा अ‍ॅम्प आहे आणि तो चांगला वाजतो. एवढं साधं वाक्य कबूल करायला मला वर्ष लागलं. आत्ता लिहितानाही थोडं पोटात दुखलंच.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कामतघरला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ‘दादा’ म्हणतो, आणि माणूस इतका सरळ की त्याच्यावर जळायची लाज वाटावी. मी तरीही जळतो. गिटारचे पहिले तीन कॉर्ड त्याला मीच शिकवले, माझ्याच गिटारवर, माझ्याच घरात बसवून. ही गोष्ट मी घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो. तोही दर वेळी मान डोलावून म्हणतो, “हो ना, दादांनीच शिकवलं.” त्यामुळे तर जास्तच चीड येते.

भिवंडीत लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी. साडू सायझिंगमध्ये कामाला आहे, म्हणजे जिथे सुताला खळ लावून ते लूमवर चढवण्याजोगं करतात तिथे. त्यामुळे त्याचीही सुट्टी शुक्रवारीच. मी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात डिस्पॅचला सुपरवायझर, माझी सुट्टी रविवारी. तो शुक्रवारी गिटार घेऊन बसायचा, मी रविवारी. यात फरक पडण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर आहेत आणि मागच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. माझा जन्मच या खोल्यांतला. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात खटाक-खटाक सुरू. आम्हाला ते ऐकूही येत नाही. फक्त आम्ही सगळे जरा मोठ्याने बोलतो. सासूबाई पडघ्याच्या, गावातल्या. पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी लेकीला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सारखं वरडतंय गं तुजा नवरा. भांडान हाय काय तुमच्यात?” बायको म्हणाली, “भांडण न्हाय गं आई, चहा मागतोय तो.”

माझी मुलगी आठवीत आहे. ती गाते. लाडाने म्हणत नाही, खरंच गाते. वस्तीतल्या विहाराच्या वर्धापनदिनाला तिने एक गाणं म्हणावं, असा कमिटीचा निरोप आला. गाणंही तिनेच निवडलं, संथ, आईवरचं. रात्री जेवताना मी सहज विचारलं, “मग, गिटारवर कोण बसणार?” विचारताना उत्तर मला माहीतच होतं. मनात मी शर्टही ठरवून ठेवला होता.

“काका,” ती म्हणाली, म्हणजे साडू, आणि भात कालवत राहिली.

बायकोने माझ्याकडे न बघता माझ्या ताटात आमटी वाढली. अर्धी वाटी जास्तच वाढली.

“का पण?”

“त्यांच्यासोबत गाता येतं मला.”

त्या दिवशी ते गाणं, ती मुलगी आणि पहिल्या रांगेत बसणारी सगळी वस्ती साडूने माझ्या ताटातून उचलून नेल्यासारखं वाटलं. बाप मी आहे. गाण्यात तिच्या शेजारी मी बसायला हवा. मला दुसरं काही नको होतं.

हात धुताधुता मी कारणही शोधून काढलं. अ‍ॅम्प. साडूकडे अ‍ॅम्प होता आणि मी इतकी वर्षं गिटारची वायर होम थिएटरच्या जुन्या डब्यात खुपसून वाजवत होतो. त्यातून गिटार कमी आणि घरघर जास्त यायची. वाजवण्यात आमच्यात काय फरक असणार? गुरू तर मीच. फरक त्या डब्याचा होता. मी त्याच्या अ‍ॅम्पला डबाच म्हणायचो. वीतभर उंचीचा, एकच आवाज, चारच बटणं. पण त्यातून निघणारा सूर स्वच्छ होता, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी माझी मुलगी वही घेऊन दोन गल्ल्या ओलांडून त्या डब्यापुढे जाऊन बसायची.

मग मी अभ्यासाला लागलो. दहावीला केला नव्हता इतका. गोदामात जेवणाच्या सुट्टीत गाड्या लागलेल्या असायच्या, आणि मी कानात इअरफोन घालून एकामागून एक व्हिडिओ बघत असायचो. घरी वाजवणाऱ्याने काय बघावं, काय बघू नये, सगळं पाठ झालं. वॅटच्या आकड्याला भुलू नका, घराला दहा-वीस वॅट खूप झाले. स्पीकर फार लहान नको, सहा इंचाच्या स्पीकरमधून खर्जाच्या तारा चिरकतात, आठ इंची बरा. साधा स्वच्छ आवाज आधी ऐका, तो चांगला असेल तर बाकीचं जमतं. हल्ली एकाच खोक्यात दहा-बारा जातींच्या अ‍ॅम्पचे आवाज भरलेले मिळतात, शिकणाऱ्याला ते बरे, आज भजन वाजवा, उद्या रॉक. आणि हेडफोनची जागा हवीच हवी, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही आणि आपण आपल्याला नीट ऐकू येतो.

हे शेवटचं मी दर वेळी पुढे ढकलायचो. हेडफोन कशाला? मला मुलीला ऐकवायचं होतं.

एका रविवारी ठाण्याला दुकानात गेलो. दुकानात आत काचेची एक खोली होती, दार लावलं की आवाज बाहेर जात नाही अशी. दुकानदार चष्मेवाले, पन्नाशीचे, शांत. त्यांनी वीस वॅटचा एक अ‍ॅम्प लावून दिला. मी वाजवला. गोड वाजला. पण माझा त्या गोडव्यावर विश्वास बसेना. मी म्हणालो, “थांबा,” आणि मोबाइल काढला. आदल्या दिवशी मी आमच्या मागच्या भिंतीला मोबाइल टेकवून पाच मिनिटं लूम रेकॉर्ड करून आणले होते. ते मी दुकानातल्या एका स्पीकरवर पूर्ण आवाजात लावायला सांगितले.

काचेच्या खोलीत आमचं कामतघर सुरू झालं. दार अर्धवट उघडंच होतं, बाहेर कीबोर्ड बघणाऱ्या दोन बायका वळून बघू लागल्या. दुकानदारांनी चष्मा काढला.

“हे काय आहे?”

“आमचं घर,” मी ओरडून सांगितलं. “आता वाजवतो. ऐकू येतंय का सांगा.”

वीस वॅटचा गोडवा त्यात कुठल्या कुठे गेला. मग दुसरा लावला, मग तिसरा. चौथा चाळीस वॅटचा, दहा इंची स्पीकरचा, बारा आवाजांचा. त्यातला अकरावा आवाज, करकरीत, तिखट, गेन आणि ट्रेबल ही दोन्ही बटणं चढवून, लूमच्या आरपार गेला. माझ्या अंगावर काटा आला. दुकानदार म्हणाले, “साहेब, घरी वाजवायला हा जरा जास्तच होईल. आणि या सेटिंगला सगळ्या चुका झाकल्या जातात.” मला वाटलं, हा माणूस ठाण्याचा आहे, याला काय कळणार. मी तोच बांधून घेतला.

रिक्षातून उतरवून तो जिन्याने वर आणला तेव्हा सगळी चाळ दारात आली होती. मी तो मुद्दाम भिंतीलगत, लूमच्या बाजूला ठेवला. आवाजाचं बटण सहावर नेलं. पहिला कॉर्ड मारला तेव्हा मांडणीतली भांडी बोलली. भिंतीपलीकडे लूम चालूच होते, तरी मी स्पष्ट ऐकू येत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी लूमवर मात केली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. “मस्त आहे पप्पा,” ती म्हणाली. मी रविवारमागून रविवार वाजवला. तिच्या गाण्याची तर सगळी कडवी बसवली. एकदा तिला सोबत गायलाही बसवलं. ती दोन ओळी गायली, थांबली आणि म्हणाली, “जरा हळू घेता का?” मी म्हणालो, “हळूच घेतोय.” तिने घसा दुखतोय म्हणून सांगितलं आणि उठली.

शुक्रवारी वही घेऊन ती परत काकांकडे गेली.

चाळीस वॅट, बारा आवाज, दहा इंची स्पीकर, आणि मुलगी गेली दहा वॅटच्या डब्याकडे. मला इतका राग आला की मी बायकोवर साडूचा विषय काढून ओरडलो. बायको म्हणाली, “त्याच्यावर कशाला चिडताय? तिला जाऊन विचारा ना.” मला विचारायचं नव्हतं. मी वेगळं ठरवलं. पुढच्या शुक्रवारी मी बँकेचं काम सांगून रजा टाकली. दिवसभर सराव करायचा आणि मुलगी शाळेतून आली की तिला तिथेच, दारातच, असं काही ऐकवायचं की तिचा पाय दुसऱ्या गल्लीकडे वळायला नको.

शुक्रवारी मी घरी नसतोच. लग्नकार्य, आजारपण, एवढंच. त्यामुळे लूम बंद असतानाची ती दिवसाची शांतता मला जरा विचित्रच वाटली. खाली गॅलरीत लूमवरचे कामगार कपडे वाळत घालत होते. कुणाचा तरी कुकर दोन घरं सोडून शिटी देत होता आणि ती मला मोजता येत होती. मी अ‍ॅम्प लावला, आवाज सहावरून दोनवर आणला, कारण सहाला खिडकीची काच थरथरत होती. आणि मुलीचं गाणं सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला माझा हात घसरला. वाटलं, चुकून झालं असेल. परत सुरू केलं. परत तेच. मी पुढे पळत होतो, मग एकदम मागे पडत होतो, आणि कुठे थांबायचं ते मला कळत नव्हतं. कॉर्ड बदलताना बोटांचा खरखराट येत होता. दोन तारा तर नीट दाबल्याच जात नव्हत्या, नुसत्या खुळखुळत होत्या. मला वाटलं अ‍ॅम्प बिघडला. मी आवाज बदलून पाहिले, अकराव्यावरून सहावा, सहाव्यावरून पहिला, एकदम साधा, स्वच्छ. पहिल्या आवाजात तर सगळंच उघडं पडलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. बायको ऐकत होती.

खालून एका कामगाराने मान वर करून विचारलं, “भाईसाब, आप ही बजाते हो क्या? संडे को तो एकदम बढ़िया लगता है.”

मी खिडकी लावून घेतली.

मुलगी आली तेव्हा मी गिटार मांडीवर घेऊन नुसता बसलो होतो. दप्तर काढायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग अ‍ॅम्पच्या पेटलेल्या लाल दिव्याकडे. मी विचारलं, “मी असाच वाजवतो का गं?”

ती वाकून बुटाचे पट्टे सोडायला लागली. मग म्हणाली, “तुम्ही भिंतीजवळच्या लूमच्या मागे जाता, पप्पा. त्याच्याच स्पीडने वाजवता. तुमची सगळी गाणी एकाच स्पीडला असतात. धागा तुटून तो थांबला की तुम्ही पण थांबता.”

“मी पाणी प्यायला थांबतो.”

“हो. पण तो थांबला की.”

मला आठवलं. खरंच आठवलं. इतकी वर्षं लूम थांबला की माझा हात तांब्याकडे जायचा आणि मला वाटायचं मला तहान लागली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही खूश असायचात ना रविवारी.”

मला तिच्यावर चिडता आलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात साडूवर चिडलो. त्याच्याकडे भिंतीला कारखाना नाही. त्याला शुक्रवार मिळाला. मला शुक्रवार मिळाला असता तर मीही त्याच्यासारखा पायाने ताल धरायला शिकलो असतो. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवशी ते खरं मानल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

आणि नेमका त्याच संध्याकाळी साडू आला. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवून, हात मागे बांधून उभा. “दादा, एक विचारू? विहाराचा हॉल मोठा आहे. माझा डबा काय पुरायचा नाही तिथं. तुमचा मिळेल का?”

माझाच शब्द, ‘डबा’. तो हसतच बोलला, मनात काही न ठेवता. मुलगी आतल्या दारात उभी होती. मी नाही म्हणालो असतो तर तिचं गाणं मोडलं असतं.

“ने,” मी म्हणालो. “पण बटणांना हात मी लावणार. बारा आवाज आहेत त्यात, तुला नाही कळायचं.”

“तुम्ही बसलात तर काय टेन्शनच नाही,” तो म्हणाला.

आमच्याकडे असे कार्यक्रम शुक्रवारीच ठेवतात. इतर दिवशी माइकवर बोललेलंही मागे पोचत नाही. महिन्यातली दुसरी रजा टाकताना साहेबांनी बँक बदलताय का म्हणून विचारलं. मी अ‍ॅम्प नेऊन विहाराच्या हॉलमध्ये स्टेजच्या कडेला ठेवला आणि त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. प्रेक्षकांना माझे फक्त गुडघे दिसत असणार. सासूबाई पडघ्याहून आलेल्या, पहिल्या रांगेत.

मी पहिला आवाज लावला. साधा, स्वच्छ. व्हिडिओत आधी ऐका म्हणून सांगितलेला. साडूने पायाने चार मोजले आणि सुरू केलं, मुलगी गायला लागली, आणि माझ्या अ‍ॅम्पमधून जे बाहेर आलं ते मी घरी कधीच ऐकलं नव्हतं. एकेक तार वेगळी, भरलेली, संथ. हा एवढा सुंदर आवाज माझ्या घरात, माझ्या भिंतीला टेकून, इतके आठवडे पडून होता. तो साडूच्या हाताला मिळाला. मुलीने त्याच्याकडे बघून किंचित मान हलवली, पुढच्या कडव्यासाठी, आणि त्याला ते लगेच समजलं.

माझा हात बटणावर गेला. चुकून गेला नाही, नीट विचार करून गेला. मी आवाजाचं बटण तीनवरून खाली आणलं. दोन, दीड, एक. गिटार जवळजवळ नाहीशी झाली.

साडूने गोंधळून स्वतःच्या गिटारवरची बटणं चाचपली. मुलगी थांबली नाही. तिचा पाय ताल देत होता. हॉलमध्ये आता फक्त तिचा आवाज होता, एकटा, आणि तो हलला नाही. गाता गाता तिने मान वळवली. काकांकडे नाही, माझ्याकडे. माझ्या हाताकडे. एवढंच. मग परत समोर पाहिलं.

मी आवाज चढवला. पूर्ण तीनपर्यंत न्यायला मात्र माझं मन तयार झालं नाही, दोनवर ठेवला.

टाळ्या संपल्यावर सासूबाई उठून स्टेजपाशी आल्या, साडूच्या पाठीवर थाप मारली. “मधी गिटार बारीक केलीस, न् पोरीचा गला कसा मोकला झाला! माज्या जावयाला समज हाय.” त्यांना दोन जावई आहेत. दुसरा अ‍ॅम्पमागे वायर गुंडाळत होता.

साडू माझ्याकडे आला. “दादा, मधे काय झालं होतं?”

“केबल,” मी म्हणालो. “जुनी आहे.”

“तरीच. नशीब तुम्ही होतात,” तो म्हणाला. मुलगी शेजारी उभी होती. तिने ऐकलं.

घरी जाताना बायको आणि सासूबाई पुढे गेल्या. अ‍ॅम्पची मूठ एका बाजूने मी धरली होती, खालून दुसरी बाजू मुलीने. लूम बंद होते. गल्लीत आमच्या चपला ऐकू येत होत्या.

“केबल नव्हती ना, पप्पा?”

“नव्हती.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जिन्यापाशी येऊन तिने अ‍ॅम्प हळूच पायरीवर टेकवला, हात झटकले आणि म्हणाली, “काकांना सांगू नका हां. त्यांना वाईट वाटेल.”

मी मान डोलावली. त्यातसुद्धा मला आधी त्याचाच हेवा वाटला, की तिला त्याच्या वाईट वाटण्याची काळजी आहे. मग कळलं, की आता तिच्या आणि माझ्यात एक गोष्ट आहे जी काकांना माहीत नाही आणि कधी माहीत होणार नाही. मला तेवढंच तर हवं होतं, फक्त आम्हा दोघांचं असं काहीतरी. लाजेने मान वर होत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.